वहीतली साठावी ओळ

हे मी कुणाकडून उडत उडत ऐकलेलं नाही. मॉर्वेन माझी सख्खी मावसबहीण. ती वही मी माझ्या या हातांनी चाळली आहे. वाचून ज्यांना हसायचं असेल त्यांनी खुशाल हसावं.

रात्रबित्र काही नव्हती. १७ फेब्रुवारी २०१५, दुपारचे तीन वाजले होते. न्यूझीलंडच्या पार दक्षिणेला टीटी नावाच्या समुद्रपक्ष्यांचं एक छोटंसं बेट आहे. त्याचं नाव मी मुद्दाम सांगत नाही.

मॉर्वेन तेव्हा पीएच.डी. करत होती. टीटी जमिनीत बीळ करून राहतो. आत पिल्लू आहे का, हे बघायचं तर पालथं पडायचं, खांद्यापर्यंत हात आत घालायचा आणि अंधारात चाचपायचं. विद्यापीठाच्या पक्षिमंडळाची मुलं दरवर्षी या मोजणीला जायची. जोडीजोडीनं. एकानं हात घालून ओरडायचं, "सात, पिल्लू!" दुसऱ्यानं तेच मोठ्यानं परत म्हणायचं आणि वहीत लिहायचं. हात गारठून बधिर होतो, म्हणून वीस बिळं झाली की अदलाबदल. प्रत्येक ओळीपुढे दोघांच्या सह्या. एकट्यानं केलेली मोजणी मंडळ धरतच नसे.

त्या दिवशी शेवटची साठ बिळं राहिली होती. सहाला बोट येणार होती. आणि सकाळीच तिच्या जोडीदाराचा, टिपेनेचा, पाय मुरगळला.

"मी एकटी उरकते. तुझी सही ठोकते रे फक्त. कोण बघतंय?"

"नको हं, बाई! डॉक्टर तू होणार आणि मंडळातून हकालपट्टी माझी?"

"मग माझी तीन वर्षं गेली पाण्यात!"

"मर्डोकाकांना सांग, बोट उद्या आणा म्हणावं."

"उद्यापासून वादळ आहे, माठ्या. आठवडाभर."

टिपेने बधला नाही. मॉर्वेननं चिडून वही ओढून घेतली.

बेटावरच्या त्यांच्या खोलीच्या लाकडी भिंतीवर जुन्या मुलांनी आपापली आद्याक्षरं कोरलेली होती. तिच्या उशाशी होतं... डी. एल.

तिनं तेच उचललं. साठही ओळींवर सह्या आधीच करून टाकल्या. पहिली वीस : हात घालणारी मॉर्वेन, लिहिणारा डी. एल. पुढची वीस उलट. शेवटची वीस पुन्हा मॉर्वेनची. अगदी नियमाप्रमाणे.

ती कड्यावर पोचली तेव्हा धुकं उतरलं होतं. दहा पावलांपलीकडचं दिसत नव्हतं. तिनं काम सुरू केलं. सवयीनं ओरडायचीही. "एक, रिकामं!" मग उठायचं, चिखलाच्या हातानं वहीत लिहायचं, पुढच्या बिळाच्या नंबराच्या खुंटीकडे जायचं.

अकरा झाली.

"बारा, पिल्लू!"

आणि मागून...

"बारा, पिल्लू."

तिला वाटलं, टिपेनेचा राग निवळला. गाल जमिनीला टेकलेला, हात बिळात. तशीच हसून म्हणाली, "आलास का लंगडत? म्हटलंच होतं, येशील."



ती उठली. मागे नुसतं धुकं. वही होती तिथेच, दगडावर. बाराव्या ओळीत मात्र 'पिल्लू' लिहिलेलं होतं. अक्षर तिचं नव्हतं. टिपेनेचंही नव्हतं.

पळावं असं फार वाटलं, पण बोट सहाची होती. माणूस कामाच्या नादात स्वतःला काहीही पटवतो. तिनं पटवलं की टिपेने चेष्टा करतोय.

तेरा. चौदा. पंधरा. प्रत्येक हाकेनंतर मागून तेच शब्द. ना घाई, ना चेष्टेचा सूर. नुसतं काम.

"वीस, रिकामं!"

"वीस, रिकामं."

पक्षी नाही, वारा नाही. खालचा समुद्रसुद्धा ऐकू येईना...

"आता मी. तू लिही."

ती वहीपाशी बसली ती उठलीच नाही. पलीकडे ओलं गवत दबल्याचा आवाज आला. कुणीतरी पालथं पडत होतं.

"एकवीस, पिल्लू."

तो थांबला. तिनं परत म्हणेपर्यंत तो थांबूनच राहिला.

"एकवीस... पिल्लू," ती कशीबशी म्हणाली आणि लिहिलं.

अशी वीस बिळं. धुक्यातून हाक यायची, ती रडत रडत परत म्हणायची आणि लिहायची.

"चाळीस, रिकामं. झाली माझी. आता तू."

गवत पुन्हा सळसळलं. आता आवाज तिच्या दिशेनं येत होता...

मॉर्वेननं वही टाकली आणि ती धूम पळत सुटली.

वही कड्यावरून आणली ती मर्डोकाकांनी. चाळीस वर्षं त्या बेटावर बोट नेणारा म्हातारा, पण पान उघडलं आणि त्याचा चेहरा उतरला.

"ही सही कुणाची, पोरी?"

"भिंतीवरची... मी आपली कुठलीतरी घातली, काका."

"कुठलीतरी?" काकांनी वही मिटली. "डंकन लेकी. मंडळाचाच पोरगा. जोडीदाराला थंडी भरली म्हणून तो खोलीवर आला, आणि डंकन म्हणाला, शेवटचं एकच राहिलंय, मी उरकतो. खांद्यापर्यंत हात आत होता त्याचा, आणि कडा खचला. सापडला नाही. जोडीचा नियम तुमच्याकडे तेव्हापासून आहे. साठ नंबरची खुंटी त्याच दरडीवर आहे."

टिपेने त्या दिवसानंतर तिच्याशी नीट बोलला नाही.

वादळ ओसरल्यावर दुसरी तुकडी बिळांत कॅमेरा सोडून आली. चाळीसच्या चाळीस नोंदी बरोबर निघाल्या. तेवढ्यावर मॉर्वेनचं काम भागलं, तिला पदवी मिळाली. नक्कल तिनं विद्यापीठाला दिली, मूळ वही मात्र स्वतःच्या कपाटात ठेवली. कुणाला दाखवायची तिला लाज वाटायची.

दोन महिन्यांनी एका सकाळी तिला जाग आली ती वासानं. टीटीचा तो तेलकट, मासळीसारखा वास. तिच्या उजव्या हाताला येत होता, खांद्यापर्यंत. नखांत काळी माती होती.

तिनं कपाट उघडलं. एक्केचाळिसाव्या ओळीत लिहिलेलं होतं : रिकामं.

अक्षर तेच, बाराव्या ओळीतलं. पुढे सह्या तिनंच केलेल्या. हात घालणारी, मॉर्वेन.

वर्षातून दोनदा, कधी एकदा. बेचाळीस. त्रेचाळीस. तिनं गाव बदललं, वही जाळायला घेतली, पण वही कायम ओलीच, पेटेना. ती उजवा हात पट्ट्यानं पलंगाला बांधून झोपायला लागली. सकाळी पट्टा जसाच्या तसा असायचा आणि हात चिखलानं भरलेला.

गेल्या महिन्यात मी तिच्याकडे गेले, तेव्हा तिनं वही माझ्या मांडीवर ठेवली. एकोणसाठ ओळी भरलेल्या होत्या. साठावीत फक्त सह्या.

"आता एकच राहिलंय गं," ती म्हणाली. माझी बहीण तशी धीट आहे. पण तेव्हा ती लहान मुलीसारखी रडली.

परवा पहाटे तिचा फोन आला.

"हात दुखतोय. मूठ उघडत नाही माझी."

मी तशीच गाडी काढून गेले. वही टेबलावर होती. मी ती उघडली नाही, देवाशपथ नाही उघडली.

तिची बोटं मात्र मी पाहिली. मूठ पुरती मिटलेली नव्हती. मध्ये जागा होती... कुणाचातरी हात धरल्यासारखी.

डॉक्टर म्हणतात, शीर आखडली असेल, सुटेल दोन दिवसांत.

आज तिसरा दिवस आहे.