मधुकरचं पिंपळझरी स्टेशन

स्वप्निल, शेकोटीत आणखी दोन पऱ्हाट्या टाक. आणि मोबाइल उलटे ठेवा सगळ्यांनी. मी रील सांगत नाही, घडलेली गोष्ट सांगतो.

हर्षा, तू मघाशी म्हणालीस ना, भूत अडाण्यालाच दिसतं म्हणून? तर ऐक. ज्याची ही गोष्ट, तो अच्युत माझा शाळेपासूनचा दोस्त. बांधकाम खात्यात एकतीस वर्षं नकाशे काढले त्यानं. पुतणीच्या लग्नात अंतरपाट तिरका धरला म्हणून मंगलाष्टकं थांबवणारा माणूस. अशा माणसाला भास होत नसतात, हे आधीच सांगून ठेवतो.

गेल्या महिन्यातली चौदा तारीख. डिसेंबर, शनिवार, दत्तजयंती. संध्याकाळी सहाच्या सुमारास अच्युत स्कूटर काढून वर्ध्याहून आंजीला निघाला. काम साधंच होतं. मधुकरच्या घरून एक खोकं आणायचं.

मधुकर म्हणजे आंजीचा हार्डवेअरवाला. पुढे दुकानात खिळे विकायचा आणि मागच्या खोलीत छोट्या आगगाड्या चालवायचा. खेळणं म्हटलेलं दोघांनाही चालत नसे, अच्युतलाही आणि त्यालाही. दोघांना एकच वेड. इंजिन, डबे, रूळ विकत मिळतात, पण स्टेशनाची इमारत हे लोक स्वतः उभी करत, एकेक भिंत पुठ्ठ्यातून कापून. खऱ्याच्या सत्त्याऐंशीवा भाग. खरं दार सात फुटांचं, तर यांचं बोटाच्या एका पेराएवढं.

अच्युतचं काम शंभर टक्के बरोबर असायचं आणि त्यात जीव नसायचा. मधुकरचं काम पाहिलं की वाटे, आता आतून स्टेशनमास्तर बाहेर येईल आणि आपल्याला हाकलेल. लग्नाच्या जुन्या पत्रिका कापून, स्वेटरच्या सुईवर वळवून तो कवेलू, म्हणजे छपराची कौलं, करायचा. एका छपरावर अकराशे कवेलू, एकेक चिमट्यानं धरून चिकटवलेला. आत तिकिटाची खिडकी, बाक, कोपऱ्यात पानाची पिचकारीसुद्धा. छप्पर बसल्यावर आतलं कोणाला दिसणार? मी विचारलंही. तर म्हणे, "दिसत नाई म्हनून करू नये काय, गुरुजी?"

अच्युत जळायचा. मी त्याच्या तोंडावर म्हटलंय हे. आमच्या घरी चहा पिता पिता तो चडफडायचा, "मी जिंदगीभर रेघा मारल्या, अन् लोक पाहायले जातात त्या खिळेवाल्याचं काम. माह्या इमारतीपुढं कोणी दोन मिनिटं उभं राहत नाई बावा!" दोस्ती मात्र तोडली नाही. दोस्ती तोडली असती तर मधुकर नवं काय करतोय ते कळलं नसतं ना.

मागच्या जानेवारीत बातमी आली की आर्वीच्या लहान गाडीच्या, म्हणजे नॅरोगेजच्या, रस्त्यावरचं पिंपळझरी स्टेशन पाडणार आहेत. गाडी केव्हाचीच बंद पडली, इमारत तेवढी उभी होती. दोघंही धावले. नागपूरला एप्रिलमध्ये अशा मॉडेलांचं प्रदर्शन व्हायचं होतं आणि दोघांनाही तीच इमारत करायची होती. तिथं पोचले तर टेप कोणीच आणलेला नाही. याला वाटलं तो आणेल, त्याला वाटलं हा आणेल. ऊन उतरायला लागलेलं.

पण या लोकांची एक पद्धत असते. टेप नसला तर एक माणूस भिंतीला टेकवून उभा करायचा आणि समोरून फोटो काढायचा. त्या माणसाची उंची ठाऊक असली की फोटोवरून दार, खिडकी, छप्पर, सगळं काढता येतं. माणूसच पट्टी. अच्युत भिंतीला टेकला, मधुकरनं फोटो काढला.

"तुही उंची किती गा?" मधुकरनं विचारलं.

"पाच आठ," अच्युत म्हणाला.

अच्युत पाच फूट पाच इंच आहे. तुम्ही पाहिलंय त्याला. पण दोस्तीत कोण टेप लावून पाहतो? मधुकरनं वहीत पाच-आठ लिहिलं आणि घरी गेला.

काय म्हणतेस हर्षा? मुद्दाम? मलाही तो नंतर म्हणाला, तोंडातून निघून गेलं. मग दुसऱ्या दिवशी टेप घेऊन एकटाच पिंपळझरीला गेला, ते काय पायातून निघून गेलं?

एप्रिलमध्ये नागपूरला मधुकरच्या स्टेशनापुढं गर्दी मावेना. पोरं कडेवरून उतरायला तयार नव्हती. परीक्षक म्हणून आलेल्या म्हाताऱ्या इंजिनियरजवळ त्या इमारतीचा जुना नकाशा होता. त्यांनी पट्टी लावली, दुसऱ्यांदा लावली. म्हणाले, "काम असं मी आयुष्यात पाहिलं नाही. पण प्रमाण चुकलं. प्रत्येक माप जरा मोठं आहे." या खेळात प्रमाण चुकलं की सगळं बाद. बक्षीस अच्युतला मिळालं. मधुकरनं टाळ्या वाजवल्या, आणि येताना गाडीत पूर्ण रस्ताभर वही उघडून आकडे जुळवत बसला.

मे महिन्यात तो गेला. हार्ट. दुकानातच.

तर त्या दत्तजयंतीला सुलोचनाबाईंनी, म्हणजे मधुकरच्या बायकोनं, अच्युतला फोन करून बोलावलं होतं. खोली रिकामी करायची होती. अच्युत पोचला तेव्हा खोकं बांधून तयार होतं. मधुकरनं स्वतः केलेलं ते पुठ्ठ्याचं खोकं, इमारतीच्या मापाचं. आत कागदाचं पानही शिरणार नाही इतकं घट्ट.

"घेऊन जा भाऊजी," त्या म्हणाल्या. "तुमच्याइतकं कोन जपन?" मग पदर सारखा करत म्हणाल्या, "शेवटपर्यंत एकच विचारत राह्यले ते. माहं कुठी चुकलं? रात्री उठून वही पाहात. तुमाले काई कल्पना हाये का, कुठी चुकलं असन?"

बघा, तेव्हा सांगता आलं असतं. एका वाक्याचं काम होतं. अच्युत चहाच्या कपात बघत म्हणाला, "मोजमाप आहे वहिनी. चुकते कधी कधी."

साडेआठला निघाला. थंडी कडाक्याची. चांदणं पिठासारखं पडलेलं. लोक देवळांत होते, रस्त्यावर चिटपाखरू नाही. खोकं त्यानं पायांत ठेवलं होतं. चार-पाच किलोमीटर आला असेल. नाल्यावरचा पूल आहे ना, त्याच्या अलीकडे प्रवासी निवारा आहे. तिथं त्यानं स्कूटर थांबवली.

का थांबवली, ते त्यानं मला त्याच रात्री सांगितलं, आणि सांगताना त्याची मान वर होत नव्हती. त्याला ते एकदा पाहायचं होतं. निवाऱ्यात दिवा होता. त्यानं खोक्यातून स्टेशन अलगद बाहेर काढलं, मोबाइलचा उजेड खिडकीतून आत टाकला. बाक दिसला. तिकिटाची खिडकी दिसली. बाकाखाली कोणाची तरी विसरलेली पिशवी होती, गव्हाच्या दाण्याएवढी. एवढं कोणासाठी केलं यानं? अच्युतच्या पोटात पुन्हा तीच आग पडली. माणूस मेला, राख झाली, तरी आग विझली नाही. बक्षिसाची ढाल घरी असून आपण हरलोच आहोत, हे त्याला त्या दिव्याखाली कळलं.

पूल वीस पावलांवर होता. नाल्यात पाणी होतं. वहिनींना सांगता येईल, स्कूटर घसरली म्हणून.

त्यानं स्टेशन परत घट्ट आत बसवून झाकण लावलं. खोकं उचलणार, एवढ्यात...

"सरळ उभा राह्य."

आवाज मागून नाही आला. समोरूनही नाही. कानाशी आला.

अच्युत मागे सरला. पाठ निवाऱ्याच्या भिंतीला लागली. समोर रस्ता. रस्त्यावर चांदणं. कोणी नाही.

"टाचा भिंतीले लाव."

त्यानं लावल्या. का लावल्या, त्याला सांगता येत नाही. पाय त्याचे राहिले नव्हते. फेविकॉलचा वास यायला लागला. गोडसर, ताजा.

मग डोक्यावर काहीतरी ठेवलं गेलं. सपाट. वहीसारखं. हळूच दाबलं. आपण पोरांची उंची घेताना केस दाबतो ना... तसं.

कानामागं भिंतीवर पेन्सिल घासली.

कर्र.

मग टेप. वरून खाली. सर्रर्र... थंड पत्रा मानेवरून गेला. पाठीवरून गेला. टाचेशी थांबला.

बराच वेळ... काहीच नाही.

मग कोणीतरी, अगदी हळू, स्वतःशीच बोलावं तसं म्हणालं,

"पाच... पाच."

राग नव्हता आवाजात. अच्युत म्हणतो तेच वाईट होतं. बेरीज जुळल्यावर माणूस बोलतो, तसं बोलला.

अच्युतच्या तोंडून एवढंच निघालं, "हो."

त्यानंतर वास गेला. अच्युतनं खोकं उचललं, पायांत ठेवलं, किक मारली. मागे पाहिलं नाही. पूल ओलांडला. पलीकडे पहिला खड्डा आला.

खोकं वाजलं.

खड... खड.

त्यानं हात लावला. खोक्यात काहीतरी सरकत होतं. ज्या खोक्यात कागद शिरत नव्हता, त्यात. तुटलं असेल, त्याला वाटलं. आणि मी तुम्हाला त्याचेच शब्द सांगतो, इतक्या भीतीतही त्याला क्षणभर बरं वाटलं.

मी वर्ध्यात आर्वी नाक्यावर राहतो, ते त्याच्या रस्त्यावरच. साडेनऊला दार वाजलं. मी नुकताच सुंठवडा घेऊन देवळातून आलो होतो. दारात हा. ओठ पांढरे, खोकं छातीशी धरलेलं. "गुरुजी, तू उघड," म्हणाला. "मले नाई उघडवत."

मी उघडलं. काहीच तुटलं नव्हतं. पिंपळझरी स्टेशन जसंच्या तसं होतं. फक्त चारी बाजूंनी खोकं सैल पडलं होतं. लांबीला पाऊण सेंटीमीटरची फट.

अच्युतनं खिशात कायम असणारी पट्टी आणि वही काढली, पट्टी माझ्याकडे दिली. त्याच्या वहीतली खरी मापं तो वाचत गेला आणि मी लावत गेलो. दार बरोबर. खिडकी बरोबर. भिंतीची लांबी, छपराचा उतार, फलाटाची पायरी. सगळं बरोबर, अर्ध्या मिलीमीटरचाही फरक नाही. हे मी स्वतः मोजलंय पोरांनो, या हातांनी.

तेव्हा माझं बोट छपराला लागलं. बोट चिकटलं. फेविकॉल ओला होता. मी हात उचलला तर एक कवेलू बोटाला लागून आला, तिकिटाच्या खिडकीच्या वरचा. खालची जागा पांढरी, ओली.

मला वाटलं अच्युत आता बेशुद्ध पडेल. तो खुर्चीत बसला आणि रडायला लागला. मी म्हटलं, "भेऊ नको, मी आहे." तर म्हणतो, "भेव नाई रे. मेला तरी माह्यापेक्षा सरस केलं त्यानं... मेला तरी!"

दुसऱ्या दिवशी मी त्याला धरून आंजीला नेलं. त्यानं सुलोचनाबाईंसमोर सगळं सांगितलं. पाच-आठ, टेप, पूल, सगळं. त्या ऐकत राहिल्या. चहा दिला नाही. मग म्हणाल्या, "सात महिने त्यायची वही उशाशी घेऊन मी झोपत राह्यली. अन् तुमी एक आकडा नाई सांगितला." खोकं त्यांनी ठेवून घेतलं. स्टेशन काचेच्या कपाटात ठेवलं, कपाटाला कुलूप लावलं आणि किल्ली कमरेला खोचली. निघालेला कवेलू तेवढा अच्युतकडे राहिला. सुपारीच्या डबीत घालून तो खिशात घेऊन हिंडायचा.

परवा संक्रांत झाली. आम्ही दोघं तिळगूळ घेऊन गेलो. अच्युतला फक्त तेवढा एक कवेलू आपल्या हातानं बसवायचा होता. म्हणाला, "माहं पाप फिटत नाई यानं. पन तेवढं तरी करू दे वहिनी." त्यांनी किल्ली काढली, कपाट उघडलं.

अच्युत वाकला. चष्मा पुसला. पुन्हा वाकला.

तिकिटाच्या खिडकीच्या वर जागा रिकामी नव्हती. कवेलू बसलेला होता. ओळीत. सरळ.

"वहिनी, तुम्ही...?"

"मी कायले हात लावू? किल्ली माह्याच जवळ हाये."

अच्युतनं खिशातून डबी काढली. उघडली.

त्याचा कवेलू डबीतच होता.