रविवारच्या बारीचं रेकॉर्डिंग

कांदिवलीची डबल बारी नंदू घाडीगावकरने जिंकली. चेंबूरच्या चंद्रप्रकाश बुवांना त्याने भर मैदानात असं गार केलं, की घाम पुसायला घेतलेला पंचा बुवांनी तोंडावरून खाली घेतलाच नाही.

पण असं अजून काही झालेलं नाही. निदान आपण तसं धरून चालू. बारीला अजून आठवडा आहे, आणि नंदू बोरीवली स्टेशनसमोरच्या एका शॉपिंग सेंटरच्या तळघरात, कानात दुकानदाराचे इअरफोन घालून, डोळे मिटून उभा आहे. शेजारी श्रुतिका. ती त्याच्याच बिल्डिंगमध्ये वरच्या मजल्यावर राहते आणि अंधेरीच्या डबिंग स्टुडिओत काम करते. गाणी ऐकायचं यंत्र तिला न विचारता घेणं म्हणजे घरात डॉक्टर असताना मेडिकलवाल्याला जीभ दाखवण्यासारखं होतं.

"एवढं काय ऐकतोयस?" तिने विचारलं.

"कणीक."

पखवाजाच्या डाव्या पुडीला ओली कणीक थापतात. थाप पडली की त्या कणकेचा एक घुमारा येतो, आणि तो ऐकू आलाच पाहिजे, ही नंदूची एकुलती एक अट होती. श्रुतिकाच्या अटी भरपूर होत्या. बटणं हवीत, म्हणजे खिशात हात घालून न बघता मागेपुढे करता येईल. वायरचे इअरफोन लागले पाहिजेत. मेमरी कार्ड हवं. आणि नेट, सिम, फोन यातलं काहीही नको. नंदूच्या मोबाइलवर नेमका अभंग रंगात आला की क्रेडिट कार्डवाल्या बाईंचा फोन यायचा, आणि त्याला नाही म्हणता येत नसल्यामुळे सध्या त्याच्याकडे तीन कार्डं होती.

पहिला प्लेअर विटेएवढा होता. घरून आणलेलं कार्ड त्यात घातलं, तर भजनी बुवा असलेल्या मामाच्या जुन्या बारीतला एक प्रेक्षक तंबाखू मागताना स्वच्छ ऐकू आला, कणीक नाही. दुसरा दिसायला सोन्याचा, पण हलवला की गाणं बदलायचा.

"हा घेऊन बेस्टमध्ये बस तू," श्रुतिका म्हणाली, "उतरेपर्यंत अख्खं कार्ड ऐकून होईल."

तिसरा करड्या रंगाचा, हॉटेलात फुकट मिळतो त्या साबणाएवढा. नंदूने तो लावला आणि त्याच्या हातावरचे केस उभे राहिले.

"आली," तो म्हणाला.

"तो डिस्प्ले पीस आहे शेठ," दुकानदार म्हणाला. "बॉक्स नाय, बिल नाय, वॉरंटी नाय."

"कंपनी कुठली?"

दुकानदाराने प्लेअर उलटा करून बघितला. "होतं काहीतरी मागे," तो म्हणाला.

डबल बारी ज्यांनी ऐकली नाही त्यांच्यासाठी: एका मांडवात दोन भजन मंडळं समोरासमोर बसतात. एक बुवा देवाचं नाव घेत घेत दुसऱ्या बुवाची अब्रू काढतो, मग दुसरा बुवा देवाचंच नाव घेत ती परत मिळवतो. देव मध्ये बसून ऐकतो, त्याला दुसरा इलाज नसतो. नंदू इतकी वर्षं मामाच्या मंडळात कोरसला, मागच्या ओळीत. झांजांच्या गदारोळात त्याचा आवाज वेगळा असा कधी कुणी ऐकलेला नव्हता. यंदा दशरथ मामाच्या घशाचं ऑपरेशन झालं आणि डॉक्टरांनी त्याला फक्त कुजबुजायची परवानगी दिली. बुवाच्या जागी कोण, म्हणून सगळे नंदूकडे बघायला लागले. पखवाज वाजवणाऱ्या लवूने तर तोंडावर सांगितलं, "भाचा पडला तर आपण चेंबूरवाल्यांकडे जाणार. राग मानू नकोस." नंदूने राग मानला नाही. त्याला एवढंच हवं होतं, की आपला आवाज एकदा, सुटा, लोकांनी ऐकावा. आजकाल बुवा मांडवात होत नाही, फोनवर होतो. एक व्हिडिओ चालला की विरारपासून सावंतवाडीपर्यंत सुपाऱ्या.

त्या दुपारी नंदू पलंगावर लोळत विकत आणलेल्या करड्या प्लेअरची बटणं दाबत होता. श्रुतिकाने मामाच्या कॅसेटी आधीच उतरवून भरलेलं कार्ड आता त्यात होतं. त्यांच्या खाली आणखी एक फाइल होती. तिला नाव नव्हतं, नुसती तारीख होती. येत्या रविवारची.

त्याने ती लावली. माईकवर कुणीतरी फुंकर मारली. खुर्च्या सरकल्या. मग निवेदक म्हणाला, "...आणि त्यांच्यासमोर, दशरथ बुवांचे भाचे, बुवा नंदकुमार घाडीगावकर." टाळ्या.

नंदू चपला न घालता वर धावला.

"तू केलंस ना हे?"

श्रुतिकाने स्टुडिओतला चेहरा करून ऐकलं. "हे जोडलेलं नाहीये रे. एका जागी, एका दमात रेकॉर्ड झालंय. आणि मी केलं असतं तर तुला बुवा म्हटलं असतं का?"

हा पुरावा बिनतोड होता.

पुढे चंद्रप्रकाश बुवांचा गजर सुरू झाला. आवाज त्यांचाच, ओळखू न येण्याचा प्रश्नच नव्हता.

*मामाचं आसन मोठं, भाचा त्यात मावेना रे*
*पेटी वाजे, टाळ वाजे, बुवा काही गाईना रे*

मैदान हसलं. मग नंदूची पाळी आली. पेटीने सूर धरला, लवूचा पखवाज उठला, कणकेसकट. आणि नंदू जिथे असायला हवा तिथे नंदू नव्हता. बाकी सगळं होतं. गाणं नव्हतं, पण गाण्यासाठी साथीदारांनी सोडलेली जागा होती. त्या जागेनंतर थोडं हसू आलं. पुन्हा जागा. मग मोठं हसू, एक बाई म्हणाली, "अगं बाई गं," एक म्हातारा खोकला, आणि मग अख्खं मैदान असं सुटलं की पेटीवाला सूर धरून नुसता थांबून राहिला. मागून आरोळी आली: वन्स मोअर.

"तुझा माईक बंद पडला असेल," श्रुतिका म्हणाली.

"मग हसले कशाला?"

घाबरायचं असेल तर हीच वेळ होती. पण आजवर कुठल्याही विनोदी माणसाला हशा आधी आणि विनोद नंतर मिळालेला नव्हता. नंदूने घाबरायचं काम बारीनंतरवर ढकललं.

"हे तर माझं रोजचं काम आहे यार," श्रुतिका मांडी घालून बसली. तिचे डोळे चमकत होते. "तिथे ओठ असतात, आवाज बसवायचा असतो. इथे हसू आहे, शब्द बसवू."

आठवडाभर त्यांनी दुसरं काही केलं नाही. नंदू ऑफिसच्या जिन्यात, रिक्षात, न्हाणीघराच्या दाराशी उभा राहून ओळी म्हणून बघायचा आणि खिशातल्या खिशात बटण दाबून मागे जायचा. थोड्या हशाला कुर्ल्याची ओळ बसली. मोठ्या हशाला काही केल्या काही बसेना. शेवटी गुरुवारी त्याला सुचलं, आणि श्रुतिका हसता हसता भिंतीला टेकली.

*चेंबूरहून बुवा निघाले, ताल राहिला कुर्ल्याला*
*सूर शोधता घाम फुटला, कलप लागला सदऱ्याला*

चंद्रप्रकाश बुवा केसांना कलप लावतात की नाही, हे दोघांनाही माहीत नव्हतं. पण मापात बसत होतं.

मामा कोपऱ्यातून हे सगळं बघत होता. तो कुजबुजला, "मेल्या, कानात दोऱ्यो घालून भजन गावतला तुका?"

"सापडलंय मामा," म्हणत नंदूने एक इअरफोन त्याच्या कानात घातला. मामाने ती मोकळी जागा मान हलवत ऐकली, दाद देतात तशी. मग इअरफोन काढून नंदूच्या तळहातावर ठेवला.

"कोण तरी गाता हा," तो म्हणाला. "पण हयसर नाय." इथे नाही, तर कुठे, हे नंदूने विचारायच्या आत तो उठला. त्यानंतर तो सरावाला बसला नाही.

"तुला बक्षीस मिळतं, त्याच्या पुढे काय आहे रे फाइलमध्ये?" श्रुतिकाने एकदा विचारलं.

"खुर्च्या उचलतायत," नंदू म्हणाला. टाळ्या झाल्या की तो परत सुरुवातीला जायचा. आपण जिंकल्यावर पुढे काय होतं, हे कुणी ऐकत बसत नाही.

रविवारी दुपारी कांदिवलीत चारकोपचं मैदान भरलं. बारी दुपारची, कारण रात्री दहाला माईक बंद करावा लागतो आणि बुवांची भांडणं त्याआधी मिटत नाहीत. निवेदकाने माईकवर फुंकर मारली. "...आणि त्यांच्यासमोर, दशरथ बुवांचे भाचे..."

चंद्रप्रकाश बुवा पांढऱ्याशुभ्र सदऱ्यात बसले आणि गायला लागले. *मामाचं आसन मोठं.* नंदूचे ओठ त्यांच्याबरोबर हलत होते. बुवांनी ते बघितलं आणि त्यांचा एक सूर सरकला.

मग पेटीने सूर धरला. नंदूने तोंड उघडलं.

कुर्ल्याला थोडं हसू आलं. अगदी तेवढंच.

दुसऱ्या ओळीला तो येत होता, तेव्हाच चंद्रप्रकाश बुवांच्या कानामागून एक काळा ओघळ निघाला, मानेवरून उतरला आणि सदऱ्याच्या कॉलरवर टेकला.

"अगं बाई गं," पुढच्या रांगेतली एक बाई म्हणाली.

एक म्हातारा खोकला.

मैदान सुटलं.

लवू पखवाज सोडून त्याला मिठी मारायला उठला. मामा मांडवाच्या खांबाशी उभा होता, टाळ्या वाजवत नव्हता. ढाल नंदूच्या हातात आली. "वाट लावलीस बुवांची," श्रुतिका ओरडत होती. "झकास, नंद्या. थांब, बघ, सगळं घेतलंय मी."

मांडवामागे चहाच्या टेबलापाशी सगळ्यांनी डोकी जुळवून तिच्या फोनमध्ये बघितलं. पेटी होती. पखवाज होता. हसू होतं. नंदू तोंड उघडत होता आणि मिटत होता.

"माझ्याकडे बघ," लवू म्हणाला. त्याच्या पुतण्याने काढलेल्या व्हिडिओतही तेच होतं. आयोजकांच्या मोठ्या कॅमेऱ्यातही तेच.

ज्यांनी मैदानात ऐकलं होतं ते शपथेवर सांगत होते की असा गळा वर्षानुवर्षांत ऐकला नाही. ज्यांनी फोनवर बघितलं त्यांनी खाली लिहिलं, "बुवा मासा आहे काय?" सावंतवाडीच्या एका मंडळाने सुपारी द्यायचं ठरवलं होतं. त्यांनी व्हिडिओ मागवला, आणि नंतर नमस्काराचं चित्र पाठवलं.

सोमवारपासून नंदूचा आवाज समोर बसलेल्या माणसाला नीट ऐकू जायचा, पण तारेतून, फोनमधून, माईकमधून जाईना. क्रेडिट कार्डवाल्या बाई "हॅलो, हॅलो" करून स्वतःच ठेवून द्यायच्या, हा एक फायदा. त्याने मोबाइल कंपनीच्या मदत केंद्राला तक्रार केली. तिकडचं यंत्र म्हणालं, माफ करा, आम्हाला आपला आवाज ऐकू आला नाही.

"पुढचं ऐक," श्रुतिका म्हणाली. आता ती हसत नव्हती. "खुर्च्यांच्या पुढचं."

बुधवारी दुपारी त्याने सुट्टी घेतली आणि ऐकलं. खुर्च्या एकात एक रचल्या गेल्या. रिक्षाचा मीटर पडला. जिना. त्यांच्या घराच्या दाराची कडी. बराच वेळ नुसतं घर. कुकरची शिट्टी. मग आई म्हणाली, "नंदू, पानं घेतलीत."

आणि एक आवाज म्हणाला, "आलो गं."

नंदू उठून बसला. त्याचाच आवाज होता. सुटा, स्वच्छ, गोल. किती चांगला आहे, हे त्याला आजवर कुणी सांगितलं नव्हतं. तो आहे, कुठेतरी आहे. त्याने प्लेअर बंद केला, इअरफोन ओढून काढले आणि श्रुतिकाला सांगायला उठला.

स्वयंपाकघरात कुकरची शिट्टी झाली.

"नंदू, पानं घेतलीत," आई म्हणाली.

नंदूने तोंड उघडलं. पलंगावर पडलेल्या इअरफोनमधून, बारीक पण खणखणीत, आधीच उत्तर गेलं होतं.

"आलो," नंदू म्हणाला.

"ऐकलं रे एकदा," आई म्हणाली. "बहिरी आहे का मी?"

दुसऱ्या दिवशी त्याने प्लेअर कपाटात, घड्या घातलेल्या चादरींच्या खाली ठेवला, कपाटाचं आणि बेडरूमचं दार लावलं आणि बोरीवलीला दुकानात गेला.

"बिल आहे?" दुकानदार म्हणाला.

परत आला तेव्हा आई बेडरूमच्या बंद दाराला पाठ लावून जमिनीवर बसली होती. पुढ्यात लसूण होता, एक पाकळी सोललेली. डोळे लाल.

"बाहेर कधी गेलास?" ती म्हणाली.

"मी सकाळपासून बाहेरच आहे."

"असू दे," ती उठली. "दाराआडून बोललास ते बरं केलंस. समोरासमोर नसतं जमलं तुला."

"काय बोललो?"

आईने त्याचा चेहरा दोन्ही हातांत धरला आणि बराच वेळ बघितलं. तसं तिने त्याच्याकडे पूर्वी कधी बघितलं नव्हतं.

"मी कुणाला सांगणार नाही," ती म्हणाली. "मामालासुद्धा नाही."

प्रति,
मा. उत्पादक (नाव पुसट झाले असल्याने नमूद करता येत नाही)

विषय : आवाज परत मिळणेबाबत.

महोदय,
उपरोक्त विषयी विनंती की, आपल्या करड्या रंगाच्या प्लेअरने अर्जदाराचा आवाज मूळ स्थितीत परत करावा. तांत्रिक कारणास्तव ते शक्य नसल्यास, अर्जदार घराबाहेर असताना सदर यंत्राने त्याच्या आईशी बोलणे तात्काळ बंद करावे. तेही शक्य नसल्यास, गुरुवारी दुपारी तिला नेमके काय सांगितले, तेवढे तरी अर्जदारास लेखी कळवावे, ही नम्र विनंती.

आपला विश्वासू,
नंदकुमार घाडीगावकर