चार बोटं जास्त

या पाव्हणं, टेका जरा. कळशी झऱ्याखाली लावा. धार बारीक हाय, भरायला वेळ लागंल. तोवर निवास मिस्त्रीची गोष्ट सांगतो. ती ऐकल्याबिगर वर सड्यावर, त्या कातळाच्या माळावर, जाऊ नका.

निवासची चाळीस वर्सं लोखंडात गेली. ट्रॉल्या केल्या, नांगर केले, देवळाचं दार केलं. स्वतःची गाडी मात्र कधी केली नाही. त्याची थोरली बहीण, हौसाक्का, वर सड्यावरच्या वाडीत. गुडघे गेले, तीन वर्सं खाली उतरली नाही. तवा निवासनं मनात घेतलं, रानगाडी बांधायची. दगडाधोंड्यातनं चढंल आणि अक्काला बसवून खाली आणंल अशी.

महिनाभर नुसता बेत. वर्कशॉपच्या फरशीवर खडूनं अख्खी गाडी काढली, खऱ्या मापाची. त्यात स्टूल ठेवून बसायचा आणि तोंडानं गिअर टाकायचा. बायको म्हणायची, "गाडी थांबवा, जेवणाचं गाव आलं."

गाडीच्या सांगाड्याला पाइप दिले मुजावर बाईंनी. बाई धातूच्या प्रयोगशाळेतल्या. त्यांनी नवा स्मरणधातू काढला होता, तो रानात वापरून बघायचा होता.

"मिस्त्री, नीट ऐका," बाई म्हणाल्या. "हा पहिल्यांदा लालबुंद होईल तेव्हा ज्या आकारात असेल, तो आकार म्हणजे त्याचं घर. पुढं गार असताना कसाही वाकवा. गरम चहाइतका तापला, की तो घरी जातो."

"म्हणजे दगडावर चेमटला तर गरम पाणी ओतायचं?"

"बरोबर. आपोआप सरळ."

"आणि नाही ऐकलं तर?"

"ऐकतो तो. तुमच्यासारखा नाही."

निवास हसला. आणि भट्टी पेटल्यावर हातानं आपली जुनी सवय केली. लोखंड वाकवलं की थोडं मागं सरतं, म्हणून हे मिस्त्री लोक मापापेक्षा जरा जास्तच वाकवतात. बसणारा बाहेर फेकला जाऊ नये म्हणून सीटभोवती पाइपाची कडी होती, ती निवासनं लाल करून चार बोटं जास्त आत घेतली आणि थांबला. पाइप मागं सरलाच नाही.

"आयला, हट्टी हाय!"

गार झाल्यावर त्यानं आतनं जॅक लावला, कडी उघडली, खडूच्या रेघंवर आणली. माप तंतोतंत. बाईंना सांगितलं नाही. चाळीस वर्सांचा मिस्त्री माप चुकला, हे कोण कुणाला सांगंल?

काल सकाळी गाडी चढली की हो! माकडासारखी चढली. दुपारी सड्यावर पोचली. काळा कातळ, काळा रंग लावलेले पाइप, मागं तापलेलं इंजिन. अक्काचं दार हाकेवर आलं आणि कडी निवासच्या दंडाला लागली. त्याला वाटलं, आपलंच पोट सुटलंय. मग दोन्ही हात अंगाशी दाबले गेले. मग बरगड्या.

त्याची हाक ऐकून अक्का आली. तीन वर्सं उंबरा न ओलांडलेली बाई, ढुंगणावर सरकत, हातात तांब्या. पाणी ओतलं, तशी कडी थांबली. दोन बोटं मिटली होती, दोन राहिली होती.

मुजावर बाई आज पायी पोचल्या. त्यांनी एकच विचारलं, "पहिल्या तापाला माप किती होतं?"

निवास अक्काकडं बघायला लागला.

"सांग की रं," अक्का म्हणाली.

"चार बोटं कमी."

बाई तिथंच कातळावर बसल्या.

गॅसनं कापावं तर आच लागणार, कडी आणखी मिटणार. करवतीचे दात नुसते घसरतात. जॅक लावायची जागा आता निवासच्या बरगड्यांत. दोर लावून बारा माणसांनी ओढलं, हलली नाही. दोन्हीकडनं ओढायला गाड्या पायजेत, आणि ह्या वाटंनं चढणारी गाडी एकच, ती ही. आच न लावता दाबून कापायचं यंत्र शहरातनं निघालंय, माणसांच्या खांद्यावर. उद्या येईल म्हणतात.

तोवर पाणी. वरनं अक्काचं लुगडं ताणलंय, पण खालनं कातळ भाजतोय. वाडीची टाकी सकाळीच आटली.

भरली बघा कळशी. एवढं करा. त्याच्या तोंडावर नको, छातीपुढच्या पाइपावर सोडा, बारीक धार. आणि अक्काच्या हातातला तांब्या घटकाभर तुम्ही घ्या. कालपासनं तिनं तो खाली ठेवलेला नाही.