रिकाम्या स्टुलाचे फोटो

खात्री नसेल ते छापायचं नाही, अशा कामात माझी एकवीस वर्षं गेली. वर्तमानपत्रात मी छापायचे फोटो निवडायच्या टेबलावर बसतो. त्यामुळे इथे मी स्वतः पाहिलेलं आणि ऐकलेलं तेवढंच लिहितोय. जे ताईनं पाहिलं, ते ताईच्या नावावर.

रात्र नव्हती. वीज गेलेली नव्हती. रविवारची दुपार होती, सव्वातीन वाजले होते आणि बाहेर लख्ख ऊन होतं.

ताईच्या घरात पुढच्या खोलीत दाजींचा फोटो स्टुडिओ, मागे दोन खोल्या आणि स्वयंपाकघर. दाजी जाऊन आठ महिने झाले होते. तेव्हापासून स्टुडिओला कुलूप.

ताईनं फोन करून मला बोलावून घेतलं होतं.

"बारक्या, मला ह्यांचा चेहरा आठवेना रे."

"असं कसं होईल?"

"आवाज आठवतो. चालणं आठवतं. चेहरा आठवायला गेलं की... पुसल्यासारखं होतं."

घरात दाजींचा एकही धड फोटो नव्हता. लग्नाचा अल्बम घर बदलताना भिजून गेला. ओळखपत्रावर नुसता काळपट ठिपका. तीस वर्षं लोकांचे चेहरे टिपले, पण स्वतः कायम कॅमेऱ्यामागे. ताई त्यांना टोमणे मारायची, "सगळ्या गावाचे फोटो काढा, स्वतःचा तेवढा नको." त्यावर ते म्हणायचे, "तू रोज बघतेस की. फोटो हवाय कशाला?"

आता हवा होता.

मागच्या खोलीत संगणक होता. त्याला जोडलेल्या दाजींच्या डिस्कवर अडतीस हजार फोटो होते. फोल्डरांची नावं अशी: 'नवीन', 'नवीन दोन', 'शेवटचं', 'खरंच शेवटचं'.

"तुझ्या बाबांना कॅमेरा कळायचा, कपाट नाही," मी शेजारी बसलेल्या भाचीला म्हटलं.

"मामा, बाबांना नावं ठेवू नकोस. आधी दुसऱ्या डिस्कवर प्रत काढ. हा नियम तूच मला शिकवलायस."

बरोबर होतं. फोटो लावायला बसलं की पहिली पायरी तीच. आधी प्रत, मग तारखेनुसार नावं, मग दुबार फोटो काढून टाकायचे, मग चेहऱ्यांनुसार गठ्ठे. मी आणलेलं सॉफ्टवेअर चेहरे स्वतः ओळखायचं. कुठल्या तरी आरशात, कुणाच्या तरी मागे दाजी सापडतील, एवढी आशा होती.

पण दुसऱ्या डिस्कवर जागा कमी होती. आणि आमच्या टेबलावरची सवय उलटी. वेळ थोडा असतो, म्हणून आधी फेकायचं, मग उरेल ते जपायचं.

"आधी कचरा काढू," मी म्हटलं.

कचरा लगेच दिसला. प्रत्येक फोल्डरातला पहिला फोटो रिकाम्या स्टुलाचा होता. गिऱ्हाईक बसण्याआधी दाजी प्रकाश तपासायला तो काढत. तेच गोल लाकडी स्टूल, मागे तोच करडा पडदा. तीस वर्षांची शिस्त.

सॉफ्टवेअरनं सारखे दिसणारे सगळे एकत्र काढून दिले. एक हजार एकशे सव्वीस.

मी सगळे निवडले. पुसले. कचरापेटीही रिकामी करायला लावली.

स्क्रीनवर पुसण्याची पट्टी हळूहळू पुढे सरकू लागली.

आणि स्टुडिओतून आवाज आला...

कर्र...

भाचीनं मान वर केली. ताई स्वयंपाकघरात होती. कपांचा आवाज तिकडून येत होता.

कर्र... कर्र...

तो आवाज आम्ही दोघांनी ओळखला. ते स्टूल आट्यांचं होतं. बैठक फिरवून वरखाली करायचं. लहान मूल बसायला आलं की दाजी ते फिरवत.

पट्टी संपली.

आवाजही थांबला.

किल्ली खिळ्यालाच होती. मी कुलूप काढलं. आत कुणी नव्हतं. खिडकी बंद. कॅमेऱ्यावर, दिव्यांवर, फरशीवर आठ महिन्यांची धूळ.

फरशीवर पाऊल एकही नाही.

स्टूल मात्र पार वरपर्यंत फिरवलेलं होतं. आता उघडे पडलेले आटे चकचकीत होते. बैठक अजून... किंचित हलत होती.

"उंदीर असेल," भाची म्हणाली. उंदीर स्टूल फिरवत नाही, हे तिलाही कळत होतं.

आम्ही परत येऊन बसलो. तोवर चेहऱ्यांचे गठ्ठे झाले होते. चार हजारांवर माणसं. मी एकेक पाहत शेवटाला आलो.

'अनोळखी व्यक्ती. एक फोटो.'

उघडला.

रिकामं स्टूल.

हा फोटो एकटाच एका फोल्डरात होता. सॉफ्टवेअरनं तो माणसाचा धरला होता, म्हणून माझ्या तावडीतून सुटला होता. तारीख पाहिली. दाजी गेले त्या दिवसाची. त्या सकाळी त्यांनी नेहमीप्रमाणे स्टुलाचा फोटो काढला. गिऱ्हाईक यायच्या आत छातीत कळ आली.

सॉफ्टवेअरनं स्टुलाच्या वर, मोकळ्या पडद्यावर, चेहऱ्याची चौकट आखली होती.

मी 'हा चेहरा नाही' वर टिचकी मारली. चौकट गेली.

परत आली.

पुन्हा मारली. पुन्हा आली. तिसऱ्यांदा आली तेव्हा ती मघापेक्षा मोठी होती... कुणी पुढे वाकून बघावं तशी.

एवढ्यात ताई चहा घेऊन आली. ट्रे तिच्या हातात तसाच राहिला.

"अगं बाई... सापडले!"

आम्ही दोघं तिच्याकडे बघतच राहिलो.

"बारक्या, सापडले रे! हा बघ, कानाजवळचा तीळ. कशी विसरले मी?" ती स्क्रीनवर बोट फिरवत रडायला लागली.

मी फोटो उजळला. सावल्या खुल्या केल्या. मोठा करून कणन्‌कण पाहिला. पडदा. स्टूल. बाकी काही नाही. भाचीनं हळूच मान हलवली. तिलाही काही दिसत नव्हतं.

"ताई, कसे दिसतायत?"

"कसे म्हणजे? डोळे फुटले का तुझे?" मग ती जरा थांबली. "दमलेत रे. खूप वेळ बसवून ठेवल्यासारखे."



"पहिला फोटो नेहमी स्टुलाचा असायचा," ताई डोळे पुसत म्हणाली. "असे ढीगभर असतील. बाकीचे दाखव ना. एखाद्यात हसले असतील."

भाचीनं मान खाली घातली.

"एवढाच आहे, ताई," मी म्हणालो.

भिंतीपलीकडे... एकदाच... कर्र.

पुसलेलं परत आणायचे सगळे उपाय मी केले. दोन सॉफ्टवेअर वापरली, ऑफिसातल्या जाणकाराच्या हाती डिस्क दिली. दाजींनी पूर्वी कधी पुसलेले दुबार, हललेले, जास्त उजेडानं पांढरे पडलेले सगळे फोटो परत आले. स्टुलाचा एकही आला नाही.

उरलेल्या फोटोची मोठी प्रत काढून ताईनं भिंतीवर लावली. येणारे जाणारे बघायचे आणि गप्प बसायचे. पण ताई जेवायला लागली, झोपायला लागली. मी मनाशी म्हटलं, चालू दे.

तेविसाव्या दिवशी तिचा फोन आला.

"बारक्या... फोटोत नुसतं स्टूल आहे रे."

मी फोन घेऊन टेबलावरून उठलो.

"काल एक पाय खाली टेकला होता त्यांनी. उठायच्या बेतात असल्यासारखे. मला वाटलं भास. आज कुणीच नाही. आणि चेहरा परत आठवेना. तू काही केलंस का?"

"नाही, ताई."

त्याच संध्याकाळी मी माझा संगणक उघडला. माझे फोटो शिस्तीत लावलेले आहेत. तारीख, नाव, दोन प्रती. कुणी आगंतुक शिरायला जागा नाही.

चेहऱ्यांच्या पानावर अगदी शेवटी एक नवा गठ्ठा होता.

'अनोळखी व्यक्ती. एक फोटो.'

दुसऱ्या दिवशी चाळीस झाले. मग तीनशे. परवा आकडा थांबला. मी तो दोनदा तपासला.

एक हजार एकशे सत्तावीस. मी पुसलेले, अधिक ताईच्या भिंतीवरचा एक.

गठ्ठ्यावर लहानशा गोलात चेहरा दिसतो. या वेळी गोल रिकामा नाही. मी तो हातानं झाकून पुढे जातो. उघडला तर ताईला हवं ते मिळेल, हे मला कळतं. पण तो माझ्याकडे कसा बघत असेल... तेही कळतं.

काल दुपारी ताईचा फोन आला.

"सापडला का रे एखादा?"

"शोधतोय, ताई."

माझ्या घरात आट्यांचं स्टूल नाही. साधी चार पायांची खुर्ची आहे, आणि तिच्यावर मीच बसलो होतो.

तरी माझ्या मागे...

कर्र...

फोनवर ताईनंही तो ऐकला. मग तिचा आवाज आला, अगदी हळू.

"आपलंच स्टूल ना रे ते?"

मी फोन कानाशी घट्ट धरला.

"बारक्या, मागे वळ ना. आणि मला सांग... कसे दिसतात ते."

मी वळलो नाही.