बाबा आत, आम्ही बाहेर

नेहमीचे डॉक्टर रजेवर होते, म्हणून त्या दिवशी बाबांचं ब्लडप्रेशर त्यांच्या जागी आलेल्या तरुण डॉक्टरांनी पाहिलं. आकडा बघून त्यांनी आणखी एक गोळी लिहायला पेन उचललं. हजारो पेशंटवर झालेल्या एका मोठ्या चाचणीत प्रेशर आणखी खाली आणल्यावर हृदयविकार कमी झाले होते, म्हणाले.

अशा चाचण्यांची आकडेमोड हेच माझं काम. मी गप्प बसणार होते. पण गोळ्या वाढल्या की बाबांना भोवळ येते.

"त्या चाचणीत बहुतेकांना खोलीत एकटं बसवलं होतं," मी म्हटलं. "पाच मिनिटं शांत बसायचं, मग यंत्र आपोआप मोजायचं. इथं तुम्ही, मी, तुमचा फोन... आकडा चढणारच. मग त्या आकड्याशी तुलना कशी करायची?"

वाटलं, चिडतील. त्यांनी पेन खाली ठेवलं, माझ्याकडे पाहिलं — जरा जास्तच वेळ. "मग आपण दोघं बाहेर थांबू या."

बाहेर एकच बाक. आत आवाज जाऊ नये म्हणून कुजबुजायचं, आणि कुजबुजायचं तर जवळ बसायचं. आकडा खरंच उतरला. पण एका मोजणीवर भरवसा नको, पुढच्या आठवड्यात या, असं त्यांनी सांगितलं. मग त्याच्या पुढच्याही.

बाकावर ते मला शंका विचारत. धोका पाव हिश्शाने घटला असं वाचलं की आधी विचारावं, मुळात होता किती? मी हे सांगितलं तेव्हा ते हसले.

"तुम्हाला कुणी 'खूप आवडता' म्हटलं, तरी 'कुणाच्या तुलनेत' विचाराल."

घरी आल्यावरही ते वाक्य डोक्यात घोळत होतं. ते सगळ्याच पेशंटच्या मुलींशी असं बोलत असतील का? तुलनेला दुसरा गट नव्हता, आणि माझं मन तर अजिबात तटस्थ नव्हतं.

मग एका आठवड्यात ते म्हणाले, "सोमवारी नेहमीचे डॉक्टर परत येतायत. माझं इथलं काम संपलं." मग आवाज आणखी खाली आणत — "बाबांना नवी गोळी नको, हे दुसऱ्याच खेपेला कळलं होतं."

"मग एवढ्या खेपा? कशाच्या आधारावर?"

"आधार काही नाही... तुम्ही यायचात."

राग आला. आनंदही झाला. त्यातलं काय किती, ते मलाच कळेना.

"एका वयस्कर माणसाला उगाच हेलपाटे घालायला लावलेत."

"चुकलंच. त्यांची माफी मागतो. तुमची मागू की नको... ते कळत नाहीये."

"माझी नका मागू," मी म्हटलं. एवढं हळू, की त्यांना मान वाकवावी लागली.

आतून बाबांचा आवाज आला, "अहो, यंत्र कधीचं थांबलंय. पण तुमचं सावकाश होऊ द्या, मला घाई नाही."

आम्ही दोघंही उठलो नाही.