तिच्या जागी बसून भरलेले आकडे

नुजहतनं खुर्ची ओढली, चपला काढल्या, टेबलाखाली पाय लांब केले — आणि टेबलाखालून कुणीतरी "या अल्ला!" म्हणून ओरडलं.

ती तीन ताड उडाली. वाकून बघते तो एक तरुण, हातात निळी केबल, केसांत कापसाचा पुंजका.

"इथं काय करून राह्यले तुम्ही?"

"तुमचा पाय चुकवून राह्यलो," तो कपाळ चोळत म्हणाला. "जमलं नाही."

घाटंजीच्या बाजारपेठेत भगवानरावांची अभ्यासिका आहे, तिथली ही गोष्ट. तरुणाचं नाव आसिम. दुकानांत, शाळांत इंटरनेट बसवून देणं हे त्याचं काम. नुजहत म्हणजे ट्रॅक्टरचे सुटे भाग विकणाऱ्या जफरभाईंची लेक. बी.एस्सी. झालेली. कोपऱ्यातल्या संगणकावरून ती झरी जामणीकडच्या मुलांना विज्ञान शिकवायची, सध्या तरी नुसत्या हौसेनं. दोघांच्याही घरात उर्दू. पण पहिली चकमक वऱ्हाडीत झडली, म्हणून पुढचं सगळंही वऱ्हाडीतच झालं.

शुक्रवारी एका संस्थेसमोर तिला संगणकावरूनच नमुना तास घ्यायचा होता. तो जमला तर पगाराची नोकरी, तीही घाटंजीतच. फसला तर हैदराबादच्या खालांनी, म्हणजे मावशीनं, तिथल्या शाळेत जागा बघून ठेवलेली होती आणि अब्बांनी मानही डोलावली होती. नुजहतला जायचं नव्हतं, मुळीच नव्हतं. पण अभ्यासिकेतली पोरं मोबाईलवर सिनेमे उतरवायला लागली, की तिचा तास मध्येच गोठायचा.

आसिमनं आणलेला काळा डबा हा त्यावरचा इलाज.

"याले फायरवॉल म्हणतात," तो समजावू लागला. "हे केबल खुपसायचं भोक म्हंजे पोर्ट. हा पोर्ट पोरांच्या वायफायचा. हा फक्त तुमच्या संगणकाचा. एकेका पोर्टले इंटरनेटची मर्यादा बांधून द्यायची — येणाऱ्याले वेगळी, जाणाऱ्याले वेगळी. मंग पोरं किती का ओढोत, तुमच्या वाट्याचं कोणी नेत नाही."

"आन् माझ्या वाट्याले किती?"

"मायाच्यानं देणं होईन तितकं..." तो बोलून गेला, आणि मग उगाच स्क्रू घट्ट करत बसला. स्क्रू आधीच घट्ट होता.

काम एका दुपारचं. पण आसिम रोज येऊ लागला. कधी केबल सैल वाटायची, कधी डबा गरम लागायचा. येताना खिशातून कधी बोरं निघायची, कधी भाजलेल्या शेंगा. भगवानराव चष्म्यावरून बघायचे. "काहून रे, तो डबा हाय का आजारी लेकरू?" नुजहत पुस्तकात तोंड लपवून हसायची.

गुरुवारी त्यानं डब्यात मर्यादेचे आकडे भरले. तपासायला नुजहतनं एक व्हिडिओ लावला, पोरांनीही मुद्दाम मोबाईल सुरू केले. चित्र कुठंही अडखळलं नाही.

"झालं काम. मले आता मुकुटबनले जा लागते, तिथल्या शाळेत केबल टाकायची हाय. उद्या संध्याकाळी येतो." तो दारात थबकला. "नुजहत... मले म्हणायचं होतं..."

"काय?"

"काही नाही. तासाले पाणी पिऊन बसा."

पाणी! तिला हसू आलं, आणि लगेच रागही आला.

शुक्रवारी पडद्यावर संस्थेची तिघं माणसं आली. चित्र लख्ख, आवाज खणखणीत. नुजहतनं सुरुवात केली.

"मॅडम, तुमचा आवाज तुटतोय. चित्रही थांबलंय."

तिला सगळं दिसत होतं, ऐकू येत होतं. तिचं मात्र पलीकडं काहीच पोचत नव्हतं. 'पाच मिनिटं द्या' असं कसंबसं लिहून तिनं आसिमला फोन लावला.

"मले ते दिसून राह्यले, पण त्याहिले मी ऐकू येत नाही!"

पलीकडं केबल खाली टाकल्याचा आवाज आला. मग — "चुकलो. काल व्हिडिओ पाहून तपासलं, ते तर नुसतं येणारं होतं. नुजहत, भगवानरावाले डब्याचा पासवर्ड मागा. तुमच्या पोर्टसमोर दोन आकडे दिसन, एक लहान, एक मोठा. त्याहिची अदलाबदल करा."

"उलटे कसे झाले?" पासवर्ड टाकता टाकता तिनं विचारलं.

"डब्यासाठी 'येणारं' म्हणजे तुमच्याकडून डब्यात येणारं. मी समजलो, तुमच्याकडं येणारं. डब्याच्या जागी बसून आकडे भरा लागते. मी... तुमच्या जागी बसून भरले. तुमचं बोलणं कुठं अडू नये म्हणून 'जाणाऱ्या'ले मोठा आकडा टाकला."

"माझ्या जागी? कायले?"

"सवय लागली," तो हळूच म्हणाला. "रोज तेच करून राह्यलो. तुमाले काय लागन, तुमाले काय आवडन..."

नुजहतचे कान तापले. बोटांनी तेवढं आपलं काम केलं, आकडे बदलले.

"आता येतोय आवाज, मॅडम!"

तिनं लोहचुंबकाचा धडा तयार केला होता. तो तिनं बाजूला सारला. उठली, कॅमेऱ्यासमोरच्या दाराच्या उंबऱ्यापाशी गेली आणि एक पाऊल पलीकडं टाकलं. "सांगा बघू, मी बाहेर गेले की आत आले? खोलीतल्या माणसाला विचारा, मग जिन्यातल्या माणसाला विचारा..." गती कुणाच्या जागेवरून बघायची, हे तिनं असं काही रंगवून सांगितलं, की ती तिघं परीक्षा घ्यायची विसरून उत्तरं देत बसली.

संध्याकाळी आसिम धुळीनं माखून, केसांत पुन्हा कापसाचा पुंजका घेऊन, धापा टाकत जिना चढला. तिची पिशवी भरलेली बघून त्याचा चेहराच उतरला.

"चूक माझी हाय. मी त्या लोकाहिले सांगतो. पण तुम्ही हैदराबादले नका जाऊ. काल दारात मले हेच म्हणायचं होतं... नुजहत, मले तुम्ही लय आवडता. तुमच्याबिगर या घाटंजीत मन नाही लागत."

सगळं बोलून झाल्यावर तो स्वतःच दचकला.

"पिशवीत चुंबकं हाय, मुलाहिले दाखवाले," नुजहत म्हणाली. "सोमवारपासून तास हाय माझे. इथूनच."

त्याला हसावं की रडावं कळेना. "मंग... उद्या डबा पाहाले येऊ?"

"डबा चांगला ठणठणीत हाय." तिनं हात लांबवून त्याच्या केसांतला कापूस अलगद काढला. "उद्या घरी या. तुमच्या अम्मीले घेऊन."