घोट्यावरचा पंजा

हे खरं घडलंय. ज्याला खोटं वाटेल त्याने खुशाल हसावं. मला हसता येत नाही, कारण माझ्या काकांचा डावा पाय आज गुडघ्याखाली नाही.

आणि वेळ रात्रीची वगैरे नव्हती. मंगळवार, भर दुपारी साडेबारा. हॉस्पिटलच्या तळमजल्यावरची खोली. माझी आत्या तिथे टेक्निशियन आहे, अंगाच्या उष्णतेचे फोटो काढते. रक्त नीट पोचत नसेल तिथे पाय गार पडतो आणि पडद्यावर निळा दिसतो.

त्याच आठवड्यात नवा कॅमेरा आला होता. जुन्याला नुसते लाल-निळे डाग दिसायचे. याच्या सेन्सरला अंशाच्या शंभराव्या भागाचाही फरक कळायचा. आत्या भलतीच खूश होती.

म्हणून तिने हट्टाने धाकट्या भावाला, म्हणजे काकांना, बोलावलं. त्यांचा मधुमेह जुना. पायाला चिमटा काढला तरी कळायचा नाही.

नियम साधा. बूट-मोजे काढून गार खोलीत पंधरा मिनिटं बसायचं. पायाला हात लावायचा नाही, कारण हाताचा ठसा फोटोत उमटतो. ठसा दिसला की फोटो बाद, पुन्हा पंधरा मिनिटं.

"ताई, फोटो पायांचेच काढतेस. तोंडाने तुझं काय घोडं मारलंय?"

"गप बस, छोट्या."

तिने फोटो काढला. पडद्याकडे बघितलं...

डाव्या घोट्यावर पंजा. चार बोटं, अंगठा.

"लावलास ना हात? सांगून सांगून तोंड दुखलं माझं!"

"नाही गं, आईशपथ!"

आत्याने वैतागून फोटो बाद केला. दुसऱ्यात काहीच नव्हतं, आणि तोच डॉक्टरांकडे गेला. पाय उत्तम आहे, म्हणाले.

चौथ्या दिवशी काकांनी मोजा काढला.

घोटा काळा पडला होता...

चार बोटं, अंगठा.

पाय कापावा लागला. त्या संध्याकाळी आत्याने बाद केलेला फोटो उघडला. हाताचा ठसा गरम असतो, लाल उमटतो. हा निळा होता. शिवाय समोर जमिनीवर बसून कुणी घोटा धरावा, तशी ती बोटं होती.

समोर तर फक्त कॅमेरा होता.

"मला दिसला होता रे," ती माझ्याजवळ रडली. "मी रंगच बघितला नाही."

सहा महिने गेले. परवा उजव्या पायाची तपासणी होती. पूर्ण पंधरा मिनिटं आत्याने त्या पायावरून नजर हलवली नाही. कुणीही हात लावला नाही.

फोटो काढला...

उजव्या घोट्यावर पंजा. निळा.

ती धावत जाऊन डॉक्टरांना घेऊन आली.

"कुणीतरी गार हाताने धरलं असेल," ते म्हणाले. "बाद करा, पुन्हा काढा."

पुन्हा काढला. पंजा नव्हता.

"बघ ताई, ठणठणीत!" काका म्हणाले.

आज तिसरा दिवस. सकाळपासून आत्याचे पाच फोन आलेत. मोजा काढून बघ म्हणते. काका काढू देत नाहीत. ताईला वेड लागलंय, म्हणतात.

आत्ता ते माझ्यासमोरच बसलेत. चिमटासुद्धा न कळणारा तो पाय पोटाशी घेऊन.

"अरे, जरा लोकरीचा मोजा दे," ते म्हणाले. "घोट्याला फार गार लागतंय."